शिडाच्या बोटीचं इंजिन बदलायचंय? आधी हे वाचा

हे पत्रक 20 ते 28 फुटांच्या, मुख्यतः शिडावर चालणाऱ्या बोटींच्या मालकांसाठी आहे. इंजिन बंद पडलंय, नव्या मरीन डिझेलचा भाव ऐकून घाम फुटलाय आणि बोट विकायला मन होत नाही, अशा अवस्थेत बरीच मंडळी आमच्या वर्कशॉपमध्ये येतात. त्यांना आमचं सांगणं एकच असतं: इंजिन सगळ्यात शेवटी विकत घ्या.

नव्या इंजिनाचे पाय जुन्या बेडवर, म्हणजे इंजिनाखालच्या लाकडी बैठकीवर, बसत नाहीत. शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत (प्रॉपेलर) जाणाऱ्या दांड्याची, उंची जुळत नाही. गिअरबॉक्सचा रेशो (इंजिनाच्या किती फेऱ्यांना शाफ्टची एक फेरी) वेगळा निघाला की पंखा बदलावा लागतो, आणि शाफ्ट उलटा फिरणारा असेल तर जुना पंखा भंगारातच. त्यात एक्झॉस्ट, केबली, होजपाइप, वायरिंग. हा किरकोळ वाटणारा खर्च इंजिनाच्या किमतीला सहज गाठतो. स्वस्तात मिळालं म्हणून इंजिन आधी आणलं, की मग त्याच्या मापाने बोट कापत बसावी लागते.

इंजिन खरंच गेलंय का?

‘इंजिन संपलं’ म्हणून आलेली काही इंजिनं मुळात संपलेली नसतात. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरलेली असते किंवा टाकीच्या तळाच्या गाळाने फिल्टर तुंबलेला असतो. एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धुराच्या नळीचं वळण, काढून बघा. गरम धूर आणि खारं पाणी तिथे एकत्र येतात, त्यामुळे आत काजळी आणि मीठ साचत जातं. हाताच्या बोटाएवढ्या व्यासाच्या वाटेतून पेन्सिलही जाईना, तर इंजिन श्वास कसं घेणार? ते काळा धूर ओकतं, तापतं आणि ताकद सोडतं. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय; तेव्हा स्टार्टर अजिबात मारू नका. जाम झालेलं इंजिनही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून, सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडून, एक-दोन दिवसांनी पान्याने हळूहळू फिरवून पाहता येतं. सुटलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) तपासायचं आणि मगच रिपेअर की बदल हे ठरवायचं.

ताकद किती लागते?

मालकाला 25 हॉर्सपॉवर हवी असते, बोटीला नको असते. पाण्याला टेकलेली लांबी 20 फूट असेल, तर अशा जड बुडाच्या बोटीचा वेग साधारण 6 नॉटपाशी (ताशी सुमारे 11 किलोमीटर) अडतो. त्यापुढे घातलेली ताकद फक्त मागे लाटा उठवते आणि डिझेल पिते. वजनाच्या दर टनाला 3 ते 4 हॉर्सपॉवर धरा. दोन टनांच्या बोटीला 6 ते 8 पुरतात, आणि ओहोटीच्या धारेविरुद्ध खाडीत शिरायचं असेल तर थोडी जास्त.

कमी बजेटचा आमचा आवडता मार्ग

24 फुटांपर्यंतची बोट असेल आणि जुनं इंजिन दुरुस्तीपलीकडे गेलं असेल, तर ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट फळीवर) ब्रॅकेट लावून फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगायची पेट्रोल मोटर, बसवा. बेड, शाफ्ट, ग्लँड (शाफ्टच्या भोकातून पाणी आत येऊ न देणारं सील), एक्झॉस्ट हे सगळं एका फटक्यात मिटतं. पाण्यातला जुना पंखा निघाल्यामुळे बोट शिडावरही मोकळी पळते. शाफ्टचं भोक मात्र फायबरने नीट बंद करायला हवं. तिथे एमसीलची जुगाडगिरी चालणार नाही.

मोटर निदान 20 इंची शाफ्टची (इथे शाफ्ट म्हणजे मोटरच्या पायाची लांबी) घ्या, जमलं तर 25 इंची. 15 इंचीचा पंखा लाटेवर बोट डुलली की हवेत गरगरतो. पंखा कमी पिचचा (एका फेरीत कमी पुढे सरकणारा) मागा. स्पीडबोटीचा पंखा जड बोटीला ढकलत नाही. तोटेही ऐका. समोरून लाटा असताना आउटबोर्ड इनबोर्डची (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाची) बरोबरी करत नाही. बॅटरीला चार्जिंग जेमतेम मिळतं. पेट्रोल बंद कप्प्यात ठेवता येत नाही, कारण त्याची वाफ तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते.

शेतीपंपाचं हवेवर थंड होणारं डिझेल बसवू का, असं बरेच जण विचारतात. उघड्या होडीत ठीक आहे. बंद केबिनच्या बोटीत भट्टी होते, म्हणून आम्ही ते काम घेत नाही.

सेकंडहँड इनबोर्ड घेताना

विकणाऱ्याकडे न कळवता जा आणि आधी ब्लॉकला हात लावा. तो कोमट लागला, तर तुम्ही यायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवलंय. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या फेरीत लागलं पाहिजे. पार्ट मिळतात का, हेही तेव्हाच विचारा. बसवल्यावर कपलिंगचं (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या भागाचं) अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही एका रेषेत आहेत का ते, बोट पाण्यात उतरवून, एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतो, कारण किनाऱ्यावर टेकवलेल्या बोटीचा आकार किंचित बदललेला असतो. या दुसऱ्या तपासणीचे वेगळे पैसे लागत नाहीत.

कधी यायचं?

मे महिन्यात नको. 1 जूनच्या मासेमारी बंदीआधी सगळ्या किनाऱ्यावर बोटी वर घ्यायची घाई असते आणि मेकॅनिक हाती लागत नाही. दिवाळीनंतर या. उधाणाच्या भरतीला बोट वर घेतली की पुढच्या उधाणापर्यंत निवांत काम होतं.

येताना बेडच्या दोन लाकडांमधलं अंतर, शाफ्टची जाडी आणि ट्रान्समची पाण्यापासूनची उंची मोजून आणा. मोबाइलवर फोटो काढताना बाजूला मोजपट्टी ठेवा. नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा क्रमांक असेल तर त्याची झेरॉक्सही आणा, म्हणजे नवा क्रमांक चढवायच्या अर्जाचं काम त्याच वेळी उरकता येईल.