सेंट स्टॅनिस्लॉस कोस्टका चर्च, शिकागो

अमेरिकेतील शिकागो शहराच्या वायव्य भागात नोबल स्ट्रीटवर असलेले रोमन कॅथलिक चर्च. या शहरातील पोलिश स्थलांतरितांचा पहिला धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीचा भाविकांचा समुदाय (स्थापना 1867). संत स्टॅनिस्लॉस हा पोलंडमधला, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा तरुण उमेदवार 1568 मध्ये रोम येथे वारला, तेव्हा त्याला अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा याच संताच्या नावाने ओळखली जाते.

एकोणिसाव्या शतकात पोलंड नकाशावर नव्हता. प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया यांनी तो वाटून घेतला होता. शिकागोला आधी आले ते मुख्यतः प्रशियाच्या ताब्यातले पोल आणि काशुबी (बाल्टिक किनाऱ्याजवळचा स्वतःची बोली असलेला स्लाव समाज). प्रशियात पुढे पंतप्रधान बिस्मार्कच्या सरकारने कॅथलिक धर्मगुरूंवर आणि पोलिश भाषेवर निर्बंध आणले, तसा हा ओघ वाढला. आपल्या भाषेत पापनिवेदन करता यावे, आपल्या भाषेत प्रवचन ऐकता यावे, ही या लोकांची पहिली मागणी होती. 1864 मध्ये त्यांनी स्टॅनिस्लॉसच्या नावाने मंडळ काढले. त्यातला एक पुढारी पीटर किओलबासा हा टेक्ससमधील पान्ना मारिया या पोलिश वसाहतीतून आलेला. पुढे 1891 मध्ये तो शहराचा खजिनदार निवडून आला. सार्वजनिक निधीवरचे व्याज आपल्या खिशात न घालता त्याने शहराला परत दिले. त्या काळी हे व्याज खजिनदार स्वतःच ठेवून घेत.

धर्मग्राम 1870 च्या सुमारास रिसरेक्शनिस्ट या पोलिश धर्मसंघाकडे आला. 1874 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1899 पर्यंत, फादर विन्सेंट बार्झिन्स्की येथे प्रमुख होते. आजची वास्तू त्यांच्याच काळात, 1877 ते 1881 दरम्यान उभी राहिली. आराखडा पॅट्रिक कीली यांचा. शाळा, वृत्तपत्र, बँक, परस्परसाहाय्य मंडळे असे सारे या एका आवारातून चालू लागले. ‘जेन्निक चिकागोस्की’ हे दैनिक 1890 मध्ये निघाले आणि 1971 पर्यंत चालले. 1897 च्या सुमारास येथे सुमारे 8,000 कुटुंबे आणि 40,000 माणसे होती. दर रविवारी बारा मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना) होत, सहा वर आणि सहा तळघरातल्या चर्चमध्ये. गावाकडची ग्रामसंस्थाच जणू समुद्र ओलांडून इथे आली होती.

मात्र या इतिहासाचा गाभा एका भांडणात आहे. गर्दी वाढल्यावर 1873 मध्ये काही लोकांनी जवळच होली ट्रिनिटी चर्च बांधले आणि जमिनीची मालकी आपल्या मंडळाकडे ठेवली. पैसा आमच्या घामाचा, तर चर्च आमचे, असे त्यांचे म्हणणे. बिशपांना मालकी स्वतःकडे हवी होती, आणि पोलिश धर्मग्राम रिसरेक्शनिस्टांच्या हाती देण्याचा करार त्यांनी आधीच केला होता. या वादाला राजकारणाचीही धार होती: एक पक्ष धर्म आधी मानी, तर दुसरा पोलंडचे स्वातंत्र्य आधी. सुमारे वीस वर्षे होली ट्रिनिटी कधी उघडे, कधी बंद राहिले. 1893 मध्ये पोपचे प्रतिनिधी आर्चबिशप साटोली यांनी मध्यस्थी केली. चर्च होली क्रॉस या दुसऱ्याच संघाकडे गेले, आणि एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर दोन मोठे पोलिश धर्मग्राम राहिले. या भांडणाने समाज दुभंगला असे म्हटले जाते, पण खरे तर त्याने समाज घडवलाही: दोन्ही बाजूंनी आपापली वृत्तपत्रे, मंडळे आणि शाळा उभारण्याची शर्यत याच काळात लागली.

विसाव्या शतकाच्या मध्यात शहराने वायव्य द्रुतगती मार्ग आखला (आताचा केनेडी एक्सप्रेसवे), तेव्हा चर्च त्याच्या वाटेत येत होते. पोलिश समाजाने जोर लावला आणि रस्त्याला वळण द्यावे लागले. आजही गाड्या चर्चच्या भिंतीला जवळजवळ खेटून जातात. वस्ती मात्र या रस्त्याने चिरली गेली आणि अनेक पोलिश कुटुंबे दूरच्या उपनगरांकडे निघून गेली. 1964 मध्ये वीज पडून एका मनोऱ्याचा वरचा घुमट नाहीसा झाला. म्हणून समोरून पाहताना दोन मनोरे विषम दिसतात.

रिकाम्या झालेल्या घरांत प्वेर्तो रिको आणि मेक्सिकोहून आलेली कुटुंबे राहायला आली. आता मिस्सा पोलिश, इंग्रजी आणि स्पॅनिश अशा तीन भाषांत होते.