पीएच मीटर आला कुठून? आधी बिअर, मग लिंबाचा रस

बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला ब्युरेट (खुणा केलेली, खाली तोटी असलेली काचेची नळी) आणि पीएच मीटर एकाच टेबलावर असतात आणि बऱ्याच पोरांना वाटतं की दोघांचं काम एकच, अ‍ॅसिड किती आहे ते बघायचं, फक्त एक जुनं आणि एक नवीन. तसं अजिबात नाहीये. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात आणि हा फरक समजायला इतिहासासारखा सोपा रस्ता नाही, म्हणून हे लिहितोय.

ब्युरेट आधीची. 1824 मध्ये फ्रान्सच्या गे-ल्युसॅकने ब्युरेट आणि पिपेट ही नावं वापरात आणली, पुढे 1855 च्या सुमारास जर्मनीच्या मोहरने रबरी नळी आणि क्लिप लावलेली ब्युरेट सगळीकडे पोचवली. तेव्हा सोडा, पोटॅश, व्हिनेगर असा माल विकला जायचा आणि गिऱ्हाइकाला एकच माहिती हवी असायची, मालात अ‍ॅसिड किंवा अल्कली एकूण किती. टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब अल्कली सोडून अ‍ॅसिड संपायला किती लागली ते बघणं (किंवा उलट), तेवढंच सांगतं, एकूण साठा.

आता गंमत बघा. 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आणि 0.1 मोलर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, दोन्ही 10 मिली घेऊन 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा, फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारं इंडिकेटर) टाकलं तर दोन्हीकडे साधारण 10 मिलीलाच फिकट गुलाबी रंग येणार. पण पीएच घ्या, तो फक्त सुटे झालेले हायड्रोजन आयन दाखवतो, पहिल्याचा 1 आणि दुसऱ्याचा 2.9 च्या आसपास, म्हणजे मोकळ्या हायड्रोजन आयनांत जवळपास 75 पट फरक! कारण अ‍ॅसेटिकचे बहुतेक रेणू न तुटता तसेच राहतात. आयन सुटे होतात ही कल्पना स्वीडनच्या आऱ्हेनियसने 1884 च्या प्रबंधात मांडली, तेव्हा परीक्षकांनी त्याला अगदी खालचा दर्जा दिला आणि 1903 मध्ये त्यालाच नोबेल मिळालं.

खरी गोष्ट सुरू होते कोपनहेगनला. कार्ल्सबर्ग बिअरचे मालक याकोबसेन यांनी 1875 मध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली, माल्ट, यीस्ट, आंबवणं यांचा नीट अभ्यास व्हावा म्हणून, आणि नियम असा घातला की महत्त्वाचा कुठलाही निष्कर्ष लपवून ठेवायचा नाही. मला हा नियम फार मोठा वाटतो, कारण त्यामुळेच तिथलं काम आज आपल्या जर्नलमध्ये आहे. प्रोटीनसाठी नायट्रोजन मोजायची केल्डाल पद्धत तिथलीच, 1883 ची. केल्डालनंतर 1901 मध्ये त्या जागेवर सोरेन्सन आले आणि एन्झाइमच्या मागे लागले. त्यांच्या लक्षात आलं की एन्झाइमचा वेग टायट्रेशनच्या आकड्याशी जुळतच नाही, तो ठरतो सुट्या हायड्रोजन आयनांवर. आता ते आकडे म्हणजे 0.0000001 असले काहीतरी, लिहिताना शून्यं मोजत बसायची, म्हणून 1909 मध्ये त्यांनी फक्त 10 चा घातांक घेतला, वजा चिन्ह काढून, म्हणजे इथे 7. हाच पीएच. एक अंक हलला की दहापट फरक, हे पोरं विसरतात, विसरू नका.

त्याच कामात त्यांनी फॉस्फेट, सायट्रेट, बोरेट, ग्लायसिनची बफर द्रावणं (थोडं अ‍ॅसिड-अल्कली पडलं तरी पीएच फारसा न हलणारी) नीट मोजून ठेवली, कारण प्रयोग चालू असताना पीएच हलला तर काहीच कळत नाही. कुठला बफर किती प्रमाणात घ्यायचा त्याचं गणित हेंडरसनने 1908 ला रक्ताचा अभ्यास करताना मांडलं होतं, नंतर हासेलबाल्खने ते लॉगमध्ये आणलं.

पण मोजायचं कशाने? सोरेन्सन प्लॅटिनमवर हायड्रोजन गॅस सोडून मोजायचे, फार किचकट काम. काचेचा इलेक्ट्रोड 1909 च्या सुमारास हाबर आणि क्लेमेन्सिविच यांनी केला, पण काचेतून करंट इतका कमी जातो की साध्या गॅल्व्हनोमीटरला तो दिसायचाच नाही, मग काच पातळ करावी लागायची आणि ती फुटायची. 1934 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय फळांच्या धंद्यात काम करणारा एक जुना मित्र अमेरिकन केमिस्ट बेकमनकडे आला, त्याला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती, रसात सल्फर डायऑक्साइड घातलेला, त्याने लिटमसचा रंग उडायचा आणि हायड्रोजन इलेक्ट्रोडही बिघडायचा. बेकमनने व्हॅक्यूम ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर लावला, जाड मजबूत काच चालायला लागली, सगळं एका पेटीत बसवलं आणि विकायला काढलं.

आजही मीटर चालू केल्यावर आधी 4, 7, 10 चे बफर लावून कॅलिब्रेट करतो, कारण मीटरला कळतो फक्त व्होल्टेज, त्या व्होल्टेजला पीएच किती म्हणायचं हे बफरच ठरवतो. आणि त्या इलेक्ट्रोडचा काचेचा बल्ब डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका प्लीज, 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा, नाहीतर आतले आयन बाहेर झिरपतात आणि रीडिंग स्थिरच होत नाही.