ओन्दोलची ऊब आणि पाहुण्याची जागा

कोरियाच्या सहलीत एखादी रात्र हानोकमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक घरात काढायची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. लाकडी खांब, कौलारू छप्पर, कागदी दारं आणि उबदार जमिनीवर अंथरलेली गादी. पैसे मोजून अशा घरात उतरणं ही अलीकडची गोष्ट, पण पाहुण्याला ठेवून घेणं या घरांच्या बांधणीतच आहे.

'हानोक' हा शब्दही तसा नवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य धाटणीच्या इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा जुन्या घराला वेगळं नाव लागलं. तोवर ते नुसतं 'जिप', म्हणजे घर होतं.

जोसोन राजवटीत (१३९२ ते १९१०) यांगबान म्हणजे उच्चकुलीन घराण्यांच्या वास्तूत बायकांचा भाग, आन्छे, आत असे आणि पुरुषांचा सारांगछे दर्शनी बाजूला. आपल्या वाड्यातली सदर डोळ्यांसमोर आणावी. वाचन, चर्चा, मुलांचं शिक्षण तिथेच चाले आणि आलागेला झोपेही तिथेच. थोरल्या घराण्याची दोन मुख्य कर्तव्यं मानली जात: पितरांचे विधी आणि अतिथीचं आगतस्वागत. ग्योंगजूच्या छ्वे घराण्याच्या नियमांत तर वाटसरूचा उदार मनाने पाहुणचार करा, असं स्पष्टच सांगितलं आहे. ज्यांची अशी ओळखपाळख नसे ते जुमाकमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या खाणावळीत उतरत. तिथे पैसे जेवणाचे आणि दारूचे. झोपायला सगळ्यांना मिळून एकच खोली.

या पाहुणचाराचा गाभा मला जमिनीत दिसतो. बाहेरच्या चुलीत, आगुंगीत, लाकडं पेटवली की धूर आणि गरम हवा खोलीखालच्या मार्गांतून फिरून पलीकडच्या धुराड्यातून निघते. वर सपाट दगड, त्यावर मातीचा थर आणि सगळ्यात वर तेल पाजलेला कागद. हेच ओन्दोल. चुलीजवळचा कोपरा सर्वांत उबदार. त्याला आरेन्मोक म्हणतात. तिथला कागद वर्षानुवर्षं शेकून तपकिरी, कधी काळसर पडतो. ही जागा घरातल्या वडीलधाऱ्यांची, आणि पाहुणा आला की त्याची. उशिरा परतणाऱ्या माणसासाठी झाकणाच्या वाटीतला भात याच कोपऱ्यात रजईखाली ठेवत. २०१८ मध्ये कोरियाने ओन्दोल संस्कृतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला.

ही घरं टिकली, त्यामागे बरीच झुंज आहे. सोलमधल्या बुकचोनच्या ज्या गल्ल्यांचे फोटो जगभर फिरतात, तिथली बरीचशी घरं १९२० आणि ३० च्या दशकांतली आहेत. जपानी अंमलाखाली शहरात दाटी वाढत असताना जोंग से-ग्वोन या विकासकाने मोठ्या वाड्यांच्या जागा घेऊन त्यांचे तुकडे पाडले आणि कोरियन कुटुंबांना परवडतील अशी छोटी हानोक बांधली.

आन्दोंगमधल्या इम्छोंगगाकची कहाणी याहून कडू आहे. हे घर १५१९ मधलं. वारस यी सांग-र्योंग १९११ मध्ये कुटुंबासह मांचुरियात गेले आणि स्वातंत्र्यलढ्यासाठी मालमत्ता विकली. पुढे ते स्वातंत्र्यसैनिकांनी परदेशात स्थापलेल्या कोरियाच्या हंगामी सरकारचे प्रमुखही झाले. जपानी सत्तेने या घराच्या आवारातूनच रेल्वे नेली आणि वास्तूचा मोठा भाग पाडला. पुढे हे घर मुक्कामासाठी उघडलं, तेव्हाही अंगणासमोरून आगगाड्या धडधडत जात. ते रूळ २०२० च्या अखेरीस बंद झाले.

स्वातंत्र्यानंतरचा घाव विकासाचा होता. १९७० पासूनच्या सेमाऊल या सरकारी ग्रामविकास चळवळीत खेड्यांतली गवताची छपरं उतरून पत्रे आणि सिमेंटची छपरं आली. शहरांत अपार्टमेंट वाढत गेली. आन्दोंगजवळ इम्हा धरणाच्या पाण्याखाली जाणारं एक जुनं घर डोंगराच्या उतारावर हलवून पुन्हा उभं केलं गेलं आणि लेखक-कलावंतांना राहायला खुलं झालं. ते जिर्ये येसुलछोन. जुन्या घराला पाहुण्यांनी जगवल्याचं इतकं बोलकं उदाहरण क्वचितच सापडेल.

बुकचोनमध्ये १९९० च्या दशकात बांधकामाचे निर्बंध सैल झाले आणि अनेक हानोक पडली. २००१ पासून सोल महापालिकेने दुरुस्तीला अनुदान द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये हानोक-मुक्काम हा पर्यटन व्यवसायाचा वेगळा प्रकार म्हणून कायद्यात आला, आणि २०१० मध्ये हाहवे व यांगदोंग ही जुन्या घरांची गावं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. आता बुकचोनला गर्दीचाच त्रास होतो. २०२५ पासून तिथल्या सर्वांत गजबजलेल्या भागात संध्याकाळी ५ ते सकाळी १० पर्यंत पर्यटकांना बंदी आहे. हानोकमध्ये मुक्कामाला असलेल्यांना मात्र सूट.

आजच्या बहुतेक हानोकमध्ये जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या असतात. काही जुन्या घरांत अजून संध्याकाळी आगुंगीत लाकडं सारली जातात, धुराचा मंद वास अंगणभर पसरतो आणि आरेन्मोकवर घातलेल्या अंथरुणाखालची ऊब पहाटेपर्यंत टिकते.