नेब्रास्काचे पाणी आणि न झालेली पाइपलाइन

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात सँडहिल्स नावाचा भाग आहे. जवळजवळ ५० हजार चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या, वर गवत, खाली ओगलाला हा अजस्र भूजलसाठा. सखल जागी हातभर खणले तरी पाणी लागते. कॅनडातून दिवसाला ८ लाख ३० हजार बॅरल तेल आणणारी कीस्टोन एक्सएल पाइपलाइन २००८ मध्ये याच टेकड्यांतून आखली गेली. त्यात सक्तीच्या भूसंपादनाची टांगती तलवार. गुरे पाळणारे शेतकरी बिथरले नसते तरच नवल.

हे तेल म्हणजे अल्बर्टातल्या वाळूतून काढलेले डांबरासारखे घट्ट बिट्युमेन. ते वाहावे म्हणून त्यात हलकी हायड्रोकार्बन मिसळतात. गळती झाली की हलका भाग उडून जातो आणि जड भाग बुडू लागतो. २०१० मध्ये मिशिगनच्या कॅलमझू नदीत हेच झाले; तळाचे तेल काढायला गाळ उपसावा लागला, काही वर्षे काम चालले.

जमिनीत मात्र गोष्ट वेगळी. घट्ट भाग वाळूतच अडकतो, पण बेंझिनसारखी द्रव्ये पाण्यात विरघळून पुढे सरकतात. ओगलालातले पाणी दिवसाला साधारण फूटभर, तेही पूर्वेकडे सरकते. त्यामुळे एका गळतीने आठ राज्यांखाली पसरलेला सगळा साठा नासेल, ही भीती अवाजवी होती. अर्थात, ज्याची विहीर पाइपला लागून आहे त्याची समजूत या हिशोबाने कशी पटणार?

२०१२ मध्ये मार्ग पूर्वेला सरकवला. ओबामांनी २०१५ मध्ये परवानगी नाकारली, ट्रम्पनी २०१७ मध्ये दिली, बायडेननी २०२१ मध्ये काढून घेतली आणि कंपनीने प्रकल्प गुंडाळला. पुढच्याच वर्षी आधीपासून चालू असलेली कीस्टोन पाइपलाइन कॅन्ससमध्ये फुटली आणि सुमारे १३ हजार बॅरल तेल सांडले. जोडातल्या दोषाला पाइपवरच्या ताणाची जोड मिळाली होती. पाइप फुटेल ही शेतकऱ्यांची भीती हवेतली नव्हती.

तरीही माझ्या मते ओगलालाचा मोठा शत्रू पाइपलाइन नव्हे, उपसा आहे. विमानातून दिसणारी हिरवी वर्तुळे ही चाकांवर गोल फिरणाऱ्या तुषार सिंचनाची करामत. एकेक यंत्र सव्वाशे एकर भिजवते. पश्चिम कॅन्सस आणि टेक्सासमध्ये पाऊस जेवढे पाणी मुरवतो त्याच्या कितीतरी पट पंप ओढतात. टेक्सासमध्ये काही ठिकाणी पातळी दीडशे फुटांहून खाली गेली आहे. नेब्रास्काने १९७२ मध्येच उपशावर लक्ष ठेवणारी स्थानिक मंडळे नेमली, शिवाय सँडहिल्समध्ये पाणी झटकन मुरते, म्हणून तिथला साठा बराच टिकून आहे.

पण वाळू पाणी मुरवते तसे खतही मुरवते. मक्याला दिलेल्या नत्राचे नायट्रेट होऊन विहिरींत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन ही मर्यादा आहे. ती ओलांडली की लहान गावांना नवी विहीर खणावी लागते, नाहीतर महागडे शुद्धीकरण यंत्र बसवावे लागते. आणि या मक्यातला मोठा वाटा जातो कुठे? इथेनॉलच्या कारखान्यात.