चेम्मीन (चित्रपट)

रामू करिआत दिग्दर्शित मल्याळम चित्रपट (१९६५). तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या १९५६ मधील त्याच नावाच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. कादंबरीला १९५७ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, तर सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक पटकावणारा ‘चेम्मीन’ हा पहिला दक्षिण भारतीय चित्रपट ठरला.

नवरा दर्यावर असताना घरी बायकोचे पाऊल घसरले, तर कडलम्मा, म्हणजे समुद्रमाता, त्याला गिळते, अशी कथेतल्या मच्छीमारांची श्रद्धा आहे. करुत्तम्मा (शीला) हिंदू मच्छीमाराची मुलगी, तर परीकुट्टी (मधू) मुसलमान मासळी व्यापारी. त्यांचे लग्न होणे नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. पण कथेची खरी धार धर्मभेदापेक्षा एका उधारीत आहे. करुत्तम्माचा बाप चेंबनकुंजू (कोट्टारक्करा श्रीधरन नायर) स्वतःची होडी आणि जाळी घेण्यासाठी परीकुट्टीकडून मदत घेतो आणि मासळी त्यालाच घालायचे कबूल करतो. होडी हाती येताच तो शब्द फिरवतो. परीकुट्टी कफल्लक होतो. त्याचे पैसे फेडा, असे मुलगी बापाला परोपरीने विनवते आणि अखेर ते ऋण मनात घेऊनच पळनीशी (सत्यन) लग्न करून सासरी जाते.

पळनीला खलनायक न करण्यात कथेचे मोठेपण आहे. तो अनाथ, कष्टाळू, बायकोवर जीव असलेला माणूस आहे. तिच्याविषयीची कुजबुज त्याच्या गावी पोचते, तेव्हा सोबतीचे नाखवे त्याच्याबरोबर दर्यावर जायला घाबरतात. सत्यन यांनी त्याची घुसमट फार कमी शब्दांत उभी केली आहे.

छायाचित्रण मार्कस बार्टली यांचे, संकलन हृषीकेश मुखर्जी यांचे. सलील चौधरी यांचा संगीतकार म्हणून हा पहिला मल्याळम चित्रपट. गीते वयलार रामवर्मा यांची. मन्ना डे यांनी गायलेले ‘मानस मैने वरू’ हे परीकुट्टीचे विरहगीत आजही केरळात आवडीने ऐकले जाते.

शेवटी करुत्तम्मा आणि परीकुट्टी पुन्हा भेटतात, त्याच रात्री पळनी समुद्रात बुडतो. कथा अशा रीतीने श्रद्धा खरी ठरवते आणि सारा भार बाईवर टाकते, असा आक्षेप घेता येतो. तो रास्त आहे. तरीही पळनी त्या रात्री एकटाच शार्कच्या मागे जातो, कारण त्याला होडीत घ्यायला कोणी तयार नसते. हा बहिष्कार माणसांनी घातलेला आहे, हेही चित्रपट लपवत नाही.