गार पडला तरच ढग कोसळतो

भुजंगधारी तारकासमूहात, ताऱ्यांच्या ऐन दाटीत एक काळाकुट्ट डाग दिसतो: बर्नार्ड 68. आकाशाला पडलेलं भोक वाटावं असा, पण आहे तो वायू आणि धुळीचा ढग. रुंदी सुमारे अर्धा प्रकाशवर्ष, वस्तुमान साधारण दोन सूर्यांएवढं, तापमान उणे 260 अंश सेल्सिअसच्या आसपास.

असा ढग आपल्याच वजनाने कोसळणार कधी? ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी 1902 मध्ये याचं गणित मांडलं. गुरुत्वाकर्षण वायूला आत ओढतं, वायूचा दाब त्याला बाहेर रेटतो. वस्तुमान एका मर्यादेपलीकडे गेलं की दाब हरतो. तापमान चौपट झालं तर ही मर्यादा आठपट होते. घनता शंभरपट झाली तर ती दहाव्या हिश्शावर येते.

गोम इथेच आहे. सायकलच्या पंपात हवा दाबली की नळी तापते. ढगही आकसताना तापायलाच हवा, आणि तापला की दाब वाढून आकसणं थांबायला हवं. तसं होत नाही, कारण धूळ आणि कार्बन मोनॉक्साइडचे रेणू ती उष्णता प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकत राहतात. हायड्रोजनच्या दहाएक हजार रेणूंमागे जेमतेम एक कार्बन मोनॉक्साइडचा, पण थंडावा राखायला तेवढा पुरतो. तापमान जागच्या जागी, घनता मात्र चढती, म्हणून मर्यादा उतरत जाते आणि मोठ्या ढगाचे तुकडे पडतात. तारे झुंडीने जन्मतात ते त्यामुळे. पुढे तुकडा इतका दाट होतो की उष्णता आतच कोंडते. मग तुकडे पडणं थांबतं.

बर्नार्ड 68 चं मोजमाप 2001 मध्ये प्रसिद्ध झालं. पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण अणुरूप हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटर लहरी टिपते, पण या ढगातला हायड्रोजन रेणुरूप, आणि एवढ्या थंडीत तो जवळपास मुकाच. म्हणून धूळ मोजली. मागच्या ताऱ्यांचा अवरक्त प्रकाश ढगातून आरपार येतो. वाटेत धूळ जितकी जास्त, तितका तारा लालसर. हजारो ताऱ्यांच्या लालीवरून केंद्रापासून कडेपर्यंतची घनता काढता आली.

दाबाने तोललेल्या अशा गोळ्यात केंद्राची घनता कडेच्या 14 पटींपलीकडे गेली की तोल टिकत नाही. बर्नार्ड 68 मध्ये ती 16 पटींच्या आसपास भरली. तरी तो अजून उभा आहे; बाहेरचे थर आतबाहेर हेलकावतानाही दिसतात. खरोखर कोसळू लागला, तर लाख-दोन लाख वर्षांत काम आटोपेल.