सोमालियातील विरोध अल-शबाबपेक्षा जुना आहे

सोमालियात परकीय फौजांना होणारा विरोध ही अल-शबाब या सशस्त्र इस्लामी गटाची निर्मिती, हा रूढ समज कालक्रमाशीच जुळत नाही. डिसेंबर १९९२ मध्ये अन्नपुरवठा सुरक्षित करण्यासाठी अमेरिकी सैनिक राजधानी मोगादिशूत उतरले, तेव्हा अनेकांनी त्यांचे स्वागतच केले होते. मात्र सोमाली युद्धनेते मोहम्मद फराह ऐदीद यांच्याविरुद्धच्या मोहिमेत, १२ जुलै १९९३ रोजी, त्यांच्याच हबर गिदिर कुळातील वडीलधाऱ्यांची बैठक चालू असलेल्या घरावर अमेरिकी हेलिकॉप्टरांनी क्षेपणास्त्रे डागली आणि रेड क्रॉसच्या मोजणीनुसार ५४ जण मृत्युमुखी पडले. (जगाला आठवतात ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोगादिशूतील लढाईत मारले गेलेले १८ अमेरिकी सैनिक.) अल-शबाब फोफावली ती डिसेंबर २००६ मध्ये इथिओपियाचे सैन्य मोगादिशूत शिरल्यानंतर, त्या सैन्याशी लढणाऱ्यांत इतर गटही होते.